ट्रायल माउंटनचा कर्ब कुठे गेला?

आधी माझा धंदा सांगून टाकतो, म्हणजे पुढची चिरफाड कुठून येऊन राहिली ते कळेल. नागपुरात वर्धा रोडला माझं व्हील अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगचं दुकान आहे. दिवसभर गाड्या रॅम्पवर चढवायच्या, टो (चाकं आत-बाहेर किती वळली) बघायचा, कॅम्बर (चाकाचा उभा कल) बघायचा, रिमला वेट ठोकायचे. गाडी कुठे आदळली आणि कोणत्या चाकाने मार खाल्ला, हे गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आधी मला टायरवर दिसते. रात्री शटर ओढून घरी गेलो की जेवण आणि मग तासभर 'ग्रॅन टुरिस्मो', प्लेस्टेशनवरचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम. वय ४१. बायको म्हणते, दिवसा चाकं आणि रात्रीही चाकंच. खरं आहे.

हा रिव्ह्यू 'ग्रॅन टुरिस्मो ७'चा आहे, पण अख्ख्या गेमचा नाही. त्यातल्या एका ट्रॅकचा आहे, आणि तो ट्रॅक जुन्या भागांत कसा होता त्याचा. ट्रायल माउंटन, डोंगरातला एक काल्पनिक ट्रॅक. गेल्या महिन्यात दुकानासमोर नालीचं काम निघालं, रॅम्पपर्यंत गाडीच येईना, म्हणून आठवडाभर घरी होतो. तेवढ्यात हा एक ट्रॅक मी पाच भागांत चालवून पाहिला: पहिला, तिसरा, चौथा, पाचवा आणि सातवा. गाडी शक्यतो एकच घेतली, निस्सानची आर-३२ स्कायलाइन, कारण ती या सगळ्या भागांत सापडते. मशिनी अशा जमवल्या: पहिलं प्लेस्टेशन आमच्या जुन्या व्हिडिओ गेम पार्लरवाल्या काकांनी धंदा गुंडाळताना ४०० रुपयांत दिलेलं, दुसरं पार्लरातल्याच मनोजदादाचं, तिसरं एका मित्राचं उसनं, पाचवं माझं, हप्त्यांवर घेतलेलं. टीव्ही दोन. एक आजचा, एक डब्याचा.

पार्लरपासून सुरुवात करावी लागेल. १९९९ ची उन्हाळ्याची सुट्टी. महाल भागातल्या एका गल्लीत, अर्धं शटर खाली ओढलेलं, आत तीन प्लेस्टेशन, तीन टीव्ही आणि एक कूलर. तासाला १५ रुपये. कूलरसमोरच्या खुर्चीसाठी रोज भांडणं, कारण बाहेर ४५ डिग्री. काकांना गेममधलं ओ की ठो कळत नसे, पण घड्याळ पक्कं कळे. मधल्या मशिनीची लेझर थकली होती, सरळ ठेवली तर सीडी वाचायची नाही. म्हणून ती कायम पालथी. पोटावर झोपवलेल्या मुलासारखी. पुढे कळलं की जगभरात लोक हाच इलाज करत होते, पण तेव्हा आम्हाला वाटायचं, काय डोकं आहे काकांचं!

आणि चित्र काळंपांढरं. सीडी एनटीएससी या अमेरिका-जपानच्या रंगपद्धतीची, टीव्ही आपल्याकडच्या पॅल पद्धतीचा, रंगच उमटायचा नाही. त्यामुळे ट्रायल माउंटनची झाडं हिरवी आहेत हे मला दोन वर्षांनी कळलं. आम्ही पोरं त्या ट्रॅकला सेमिनरी हिल्स म्हणायचो. नागपूरच्या पोराला डोंगर म्हणजे तेवढाच माहीत.

गेम मूळ १९९७ च्या डिसेंबरात जपानात आला, बाकी जगात १९९८ मध्ये. बनवणारी पॉलिफनी डिजिटल, प्रमुख काझुनोरी यामाऊची. हा माणूस पुढे स्वतः न्युर्बुर्गरिंगच्या २४ तासांच्या शर्यतीत गाडी घेऊन उतरला, म्हणजे गाडीचं वेड खोटं नाही. पहिल्या प्लेस्टेशनची मुख्य मेमरी होती २ एमबी. आज माझ्या फोनमधला एक फोटो त्याहून मोठा असते. तेवढ्या जागेत त्यांनी चढ, बोगदे, खडक, झाडी आणि सहा गाड्या बसवल्या. खडकावरचं चित्र जवळ येताना लचकायचं, पाण्याखाली धरलेल्या कागदासारखं, कारण त्या मशिनीला तिरक्या पृष्ठभागावर चित्र नीट ताणता येत नसे. झाडं म्हणजे उभे केलेले पुठ्ठे. आता परत पाहिलं तर हसू येते. पण कंट्रोलर हातात घेतला आणि पहिल्या चढाला लागलो, तसं हसू गेलं.

कारण रस्ता अरुंद आहे. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला भिंत, आणि चढाच्या माथ्यावर पुढचं काही दिसत नाही. बोगद्यातून बाहेर पडलं की उजेड, आणि तेवढ्यात वळण. चुकायला जागाच ठेवलेली नाही. चुकलं की ठप्प, भिंत. लांबी जेमतेम चार किलोमीटर, पण त्या चार किलोमीटरमध्ये खांदे एकदाही सैल पडत नाहीत. परवा स्कायलाइनने मला पावणेदोन मिनिटांच्या आसपास लागले, आणि लॅप, म्हणजे एक फेरी, संपला तेव्हा पायाची बोटं चपलेत आवळलेली होती.

आता तो शेवटचा शिकेन. डोंगर उतरून आलं की सरळ रस्ता, आणि स्टार्टच्या आधी झटपट उलटसुलट वळणं. तिथे आतल्या बाजूला लाल-पांढरी पट्टी, रेसवाले ज्याला कर्ब म्हणतात. खऱ्या ट्रॅकवर ती बहुतेक ठिकाणी बसकी असते, चाक तिच्यावरून घरंगळत जाते. ट्रायल माउंटनची चांगली उंच. माझ्या अंदाजाने आपल्या फुटपाथाएवढी. आतलं चाक तिच्यावर चढलं की गाडी तिरकी व्हायची आणि क्षणभर दोन चाकांवर जायची. मनोजदादाला ते साधलं होतं. ब्रेक उशिरा, चाक बरोबर पट्टीच्या टोकावर, गाडी उचलली की स्टेअरिंग सोडून द्यायचं, हवेत काही करायचं नाही. सरळ उतरली तर पुढची गाडी मागे. वाकडी उतरली तर भिंत. तो गाडी चढवताना स्वतःही खुर्चीत एका कुल्ल्यावर यायचा. आम्ही मागे उभे राहून ओरडायचो आणि काका म्हणायचे, "अबे हळू, पंधरा मिनिटं राहिली."

मला आज वाटते, अलाइनमेंटच्या धंद्यात मी पडलो त्याचं मूळ त्या पट्टीत असावं. खऱ्या गाडीने तसं चढवलं तर काय काय जाईल, हा प्रश्न मला तिथे पहिल्यांदा पडला. उत्तर आता पाठ आहे: आधी टो, मग रिम, नशीब खराब असेल तर लोअर आर्म, चाकाला खालून धरणारा दांडा.

दुसरा भाग मी या फेरीत खेळलो नाही, सीडीवर ओरखडे फार. १९९९ च्या शेवटी आलेला. दोन डिस्क, साडेसहाशेच्या घरात गाड्या, ट्रॅक तसाच. त्याच्या अस्सल प्रतींपैकी काहींची डिस्क खरवडली की रेसच्या पिटचा (गाड्यांचे टायर बदलतात त्या जागेचा) वास यायचा असं नंतर वाचलं. आमची सीताबर्डीच्या फुटपाथवरची. तिला प्लास्टिकच्या पाकिटाचा वास यायचा.

तिसरा भाग २००१ चा, प्लेस्टेशन टूचा. इथे मी जरा थांबतो, कारण माझ्या मते हा ट्रॅक सगळ्यात चांगला याच भागात आहे. आखणी बदलली नाही. वळणं तीच, खडक त्याच जागी, कर्बही तोच. बदललं ते दिसणं आणि चाल. सेकंदाला ३० चित्रांच्या जागी ६०, त्यामुळे माथ्यावरून उतरताना पोटात गोळा येते तो आता डोळ्यांनाही कळतो. बोगद्यातून बाहेर पडताना बॉनेटवरून उजेड सरकतो. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे टायर बोलायला लागले. पकड सुटायच्या आधी गाडी सांगते, पुढचं चाक सुटते की मागचं तेही सांगते. पहिल्या भागात टायर एकाच सुरात किंचाळायचे, इथे आवाजात पायऱ्या आहेत. घर तेच, वायरिंग नवं, असं काहीतरी. मनोजदादा हा भाग पहिल्यांदा लावून बसला तेव्हा पहिले दहा मिनिटं त्याने गाडी पळवलीच नाही, हळूहळू चालवत झाडं बघितली. "हिरवी आहेत बे," म्हणाला.

चौथा भाग २००४ चा. अजून घासूनपुसून काढलेला, फरक शोधावा लागतो. पुढे चला.

पाचवा, २०१० चा, प्लेस्टेशन थ्री. इथे पहिल्यांदा मला वाटलं की कपडा माणसाला लहान होतो आहे. चित्र एचडी, आणि एचडीत पुठ्ठ्याची झाडं पुठ्ठ्याचीच दिसतात. गाडीवरच्या सावल्यांना करवतीसारखे दाते. आणि रस्त्यावर आता सोळा गाड्या मावतात. मावतात म्हणजे काय, दिवाळीच्या आधीच्या शनिवारी इतवारीच्या बाजारात चारचाकी घालून बघा. पहिल्या वळणाला मी तीन वेळा मधल्यामध्ये दाबला गेलो, एकदा बोगद्यात आडवा. गाडी सुंदर, डॅशबोर्डवरची शिलाईसुद्धा दिसते, आणि खिडकीबाहेर २००१ साल. सहावा भाग २०१३ मध्ये आला, त्यातही हा ट्रॅक होता. २०१७ च्या 'ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट'मध्ये तो नव्हताच. म्हणजे सहाव्यापासून सातव्यापर्यंत आठ वर्षं आणि काही महिने वनवास.

४ मार्च २०२२ ला सातवा आला. मी तो तेव्हा घेतला नाही, सेकंड हँड डिस्क अडीच हजारात मिळेपर्यंत थांबलो. टाकायला शंभर जीबीहून जास्त जागा लागते. पहिला भाग एका सीडीत होता. गेम सुरू केला, मेन्यूत ट्रॅक शोधला तर ट्रायल माउंटन अमेरिकेच्या खात्यात. डीप फॉरेस्ट नावाचा दुसरा जुना काल्पनिक ट्रॅक स्वित्झर्लंडला गेलेला. अरे! पंचवीस वर्षं ज्याला पत्ता नव्हता त्याचं आधार कार्ड निघालं. (ग्रँड व्हॅलीचं त्याहून वेगळं. मालिकेच्या पंचविशीला, २०२२ च्या शेवटी, तो ट्रॅक परत आला तो कॅलिफोर्नियाचा समुद्र शेजारी घेऊन, नावाला 'हायवे १' जोडून.)

गाडी सोडली. पहिला चढ ओळखीचा, पण रस्ता रुंद. खडक मागे सरकलेत, कडेला गवत आलं, काही ठिकाणी गाडी सुटली तर थांबायला मोकळी जागा ठेवली आहे. झाडं आता झाडं आहेत, फांद्यांमधून खाली सांडलेला उजेड रस्त्यावर हलतो. वेळही निवडता येते. पहाटे घेतलं तर बोगद्याच्या तोंडाशी डोळे दिपतात, आणि ते खरंच दिपल्यासारखं वाटते. प्लेस्टेशन फाइव्हच्या कंट्रोलरमध्ये ब्रेकचं बटण बोटाला उलटं ढकलते. एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) लागला की त्यात ती टकटक येते. रोज गिऱ्हाइकाच्या गाडीची ट्रायल घेताना पायाला लागते ती टकटक बोटाला कशी आणली असेल, यावर मी एक अख्खी संध्याकाळ फक्त ब्रेक मारत घालवली. माथ्यावर गाडी हलकी होते तेव्हा स्टेअरिंग ढिलं पडते. हे मात्र आधीच्या एकाही भागात इतकं नीट नव्हतं. नुसत्या या माथ्यासाठी मी डिस्कचे अर्धे पैसे वसूल धरतो.

मग डोंगर मागे पडतो आणि सरळ रस्ता येतो. तो संपतच नाही. जुन्या ट्रॅकची लांबी चारच्या आत होती, नवा साडेपाच किलोमीटरच्या जवळ आहे, आणि वाढीतला मोठा हिस्सा इथे गेला आहे. समृद्धी महामार्ग सुरू झाला तेव्हा, २०२२ च्याच डिसेंबरात, मी शिर्डीपर्यंत गेलो होतो. पहिला तास मजा, मग डोळे उघडे आणि माणूस झोपलेला. (त्या रस्त्याने माझ्या दुकानात टायरचं काम वाढवलं. जायच्या आधी हवा तपासा, कमी हवेचा टायर तापून फाटतो, हे मी फुकट सांगतो.) नव्या ट्रायल माउंटनवर त्या सरळ रस्त्याला मला एकदा चक्क चहाची आठवण झाली. जुन्यात शिंकायला वेळ नव्हता.

आणि शेवटी शिकेन. वळणं नव्याने आखलेली, कर्ब बसका. चाक चढते, हातात छान थरथर येते, आणि गाडी खाली बसून गुमान पुढे जाते. जास्त आत कापलं तर टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे एकट्याने घड्याळाशी खेळताना, लॅप बाद, ऑनलाइन रेसमध्ये सेकंदांचा दंड. मी सवयीने दादाचा डाव मारला. ब्रेक उशिरा, चाक टोकावर, हात सैल सोडले आणि वाट बघत बसलो. गाडी उचललीच नाही. सरळ गवतात.

त्यांचं गणित मला कळत नाही असं नाही. आता ट्रॅकवर वीस गाड्या उतरतात. आजच्या गाड्यांचा वेग जुन्या आखणीत घातला तर पहिल्याच वळणाला भंगार. मागच्याला पुढच्याला गाठायचं तर लांब सरळ रस्ता आणि त्याच्या टोकाला जोरात ब्रेक मारायची जागा लागते. खऱ्या सर्किटवरही हेच झालं, भिंती मागे गेल्या, कर्ब बसवले, कडेच्या मोकळ्या जागा रुंद केल्या. तिथे माणूस मरू शकते, म्हणून ते बरोबरच आहे. पण गेममध्ये मरते कोण? इथे तरी भिंत जवळ ठेवायची होती.

माझा भाचा, वय १५, त्रिमूर्तीनगरला राहते, त्याला हे काही पटत नाही. त्याच्यासाठी ट्रायल माउंटन म्हणजे सातव्यातलाच. दोन स्क्रीन करून खेळलो तर त्याने मला त्याच सरळ रस्त्यावर, माझ्याच मागच्या हवेत, जिथे अडथळा कमी लागतो, चिकटून येऊन, शिकेनच्या ब्रेकला आरामात काढलं. पाच रेस, पाचही वेळा तिथेच. "मामा, चांगला तर आहे ना ट्रॅक. ओव्हरटेक करता येते. तुमच्यात काय होतं, जो पुढे तो पुढेच." यात तथ्य आहे. पार्लरमध्ये पहिल्या वळणाला जो पुढे गेला तो शेवटपर्यंत पुढेच असायचा, अपवाद दादा.

म्हणून माझे गुण असे: दोघांनी समोरासमोर खेळायला नवा ट्रॅक चांगला, पाचपैकी साडेचार. एकट्याने घड्याळाशी खेळायला तीन, त्यातले दोन त्या माथ्याचे. घ्यायचं असेल तर हेही ऐका: गेम बहुतेक ठिकाणी इंटरनेट मागतो, एकट्याने खेळतानासुद्धा. आमच्याकडे दोन थेंब पडले की वायफाय आधी जाते आणि लाइट मग, म्हणून पावसाळ्यात भरवसा नाही. प्लेस्टेशन फोर असेल तर त्यावरही चालतो, फक्त बोटातली ती टकटक मिळणार नाही. आणि नवीन डिस्क घेऊ नका, सीताबर्डीत विचारा, घासाघीस करा.

रविवारी भाच्याला मी पहिला भाग लावून दिला. डब्याचा टीव्ही, पालथं प्लेस्टेशन. मशीन उलटी का म्हणून त्याने तिला सरळ करून पाहिलं, सीडी घरघरली आणि थांबली, मग स्वतःच उलटी केली. चित्र पाहून म्हणाला, "मामा, हे धुतल्यावर आटलंय का?" दोन लॅप भिंतींना चाटत काढले. तिसऱ्या लॅपला मी त्याला शिकेनचं सांगितलं: उशिरा ब्रेक, चाक टोकावर, मग सोडून दे. पहिल्यांदा भिंत. दुसऱ्यांदा भिंत. चौथ्या की पाचव्या वेळी गाडी उचलली, दोन चाकांवर गेली, आणि तो खुर्चीत एका बाजूला कलला. मी काही बोललो नाही. "अबे!" एवढंच म्हणाला, मामासमोर, आणि लगेच रिस्टार्ट मारला.

तेवढ्यात दुकानाचा फोन वाजला. नाली बुजली होती, रविवार असूनही एक स्विफ्टवाले काका शटरसमोर उभे होते, स्टेअरिंग डावीकडे ओढते म्हणे. गेलो. पुढच्या डाव्या रिमची कड आतून दुमडलेली, टायरच्या बाजूला अर्धचंद्रासारखा काळा घास. आपल्याकडे सिमेंटचे रस्ते झाल्यापासून कडेची उंची अशी आहे की हे रोजचं आहे.

"काका, कुठे चढवली?"

"नाही भाऊ, कुठंच चढवली नाही," काका म्हणाले. "सरळ चालवून राहिलो होतो."